कॅलेंडुला आणि कात्रीचं भांडण

झाडं आणि हत्यारं एकमेकांशी उघड उघड भांडत, त्या काळातली ही गोष्ट.

यमुनाकाकूंनी परसात कापलेल्या नखासारखं एक वाकडं बी पेरलं. थंडीत त्याचं कॅलेंडुलाचं, एकाच हंगामापुरतं जगणारं झाड झालं आणि त्याला केशरी फुलं लागली. काकू रोज सकाळी कात्री आणून उमललेली फुलं देवासाठी कापून नेत. झाडाच्या अंगाचा नुसता तिळपापड होई.

"माझी फुलं पळवतेस, लाज नाही वाटत?"

"मी कापते म्हणून तू फुलतंस," कात्री म्हणाली.

"मोठी शहाणी आलीय!"

मग काकू लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. कात्री खिडकीतच राहिली. झाड खूश झालं आणि शेजारच्या अळूला आपलं एकेक फूल मोजून दाखवू लागलं. पण पंधरा दिवसांत पाकळ्या झडल्या आणि त्यांच्या जागी वाकड्या बियांची बोंडं धरली. झाडाची सगळी ताकद बिया भरण्यात गेली. नवी कळी काही येईना. मधमाशी आली, एक घिरटी घालून निघून गेली.

महिन्याने काकू परतल्या. त्यांच्या हातात कात्री दिसताच झाड म्हणालं, "किती गं उशीर! काप बाई, काप!"

कात्रीने कचाकचा बोंडं उतरवली. आठवड्याभरात नव्या कळ्या डोकावल्या. तेव्हा कुठे झाडाला टोकावरचं एक सुकं बोंड दिसलं.

"अगं, हे कापायचं विसरलीस!"

"विसरले नाही," कात्री म्हणाली. "पुढच्या थंडीत माझ्याशी भांडायला कुणीतरी नको का?"