फेटाळलेली दुरुस्ती

एकदा एक कोळीण आपल्या गावाचे गाऱ्हाणे घेऊन एका वृद्ध विधिज्ञांकडे आली. तिचे नाव जानूबाई. खाडीकाठच्या ज्या मोकळ्या जागेवर गावातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या मासळी सुकवत आल्या होत्या, ती रिकामी करण्याची नोटीस निघाली होती.

"कायद्यात आमची जागा हाय का नाय, तेवढं सांगा," ती म्हणाली.

विधिज्ञांनी यशोधन या आपल्या शिष्याला ज्या कायद्याखाली नोटीस निघाली होती, तो मंजूर होतानाच्या चर्चेचे विधानसभेचे जुने कार्यवृत्त पाहायला सांगितले. 'मासळी' हा शब्द शोधता शोधता त्याला एका सदस्याचे भाषण सापडले. मासळी सुकवण्याच्या जागेचा कायद्यात स्पष्ट उल्लेख असावा, अशी दुरुस्ती त्यांनी मांडली होती. सदस्यांनी बाके वाजवली होती. यशोधनने ते भाषण मोठ्या उत्साहाने जानूबाईंना वाचून दाखवले. त्यांनी पदराने डोळे टिपले.

"पुढे वाच," गुरू म्हणाले.

पुढे मंत्र्यांचे विरोधाचे उत्तर होते, आणि त्याखाली एक ओळ: दुरुस्ती मतास टाकण्यात आली व फेटाळण्यात आली. यशोधन वाचता वाचता थांबला. जानूबाई पिशवी उचलून निघाल्या, तेव्हा गुरूंनी त्यांना बसायला सांगितले.

सुनावणीच्या दिवशी गुरूंनी सदस्याच्या भाषणाचा उल्लेखही केला नाही. त्यांनी मंत्र्यांचे उत्तर वाचले. यशोधनला काही उमजेना. मंत्री म्हणाले होते, 'गावाच्या वहिवाटीच्या जागांना हा कायदा संरक्षण देतोच. मासळी सुकवण्याची जागा त्यातच येते. एकाच जागेचे नाव घातले, तर बाकीच्या वगळल्या असे कोणी म्हणेल.'

सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याने तो भाग पुन्हा वाचायला लावला. मग जानूबाईंना वहिवाट विचारली. त्यांनी कोणाची मासळी कुठे सुकते ते सांगितले, आणि थोडे थांबून म्हणाल्या, "कडेचा तुकडा मात्र आत्ताचा हाय. तो मीच कुंपण घालून घेतला."

तो तुकडा गेला. बाकीची जागा गावाकडेच राहिली.

परतताना गुरू म्हणाले, "तू आपल्या बाजूने बोलणारा माणूस शोधलास. त्याने व्यक्त केली ती त्याची इच्छा. सभागृहाने तिला नकार दिला, पण तो का दिला, हे विरोधकाच्या तोंडी होते. कारण कळल्याशिवाय नकाराचा अर्थ लागत नाही."

"आणि कारण आपल्या विरुद्ध असते तर?"

"तर जानूबाईंना ते त्याच दिवशी सांगितले असते."

पुढे हवे ते वाक्य हाती लागले, की यशोधन त्या वाक्याला मिळालेले उत्तर आधी वाचू लागला.