डोंगरानं दाबलेला धूर

पोरांनो, शेवट ओळखलात तर माझी मिशी उपटा!

फार पूर्वी एका बेटावर आगीचा डोंगर रोज धूर सोडत बसायचा. त्याच्या अंगावरचा धबधबा करवादायचा, "आजोबा, तुमच्या राखेनं माझं पांढरं पाणी काळं होतं. बंद करा ते!"

डोंगराचा त्याच्यावर भारी जीव. त्यानं तोंड मिटलं.

पायथ्याचा गरम झरा ओरडला, "अरे लेका, सोडू दे त्याला धूर! माझं पाणी उकळायला लागलंय."

"तू आधीच उकडलेला, तुला काय कळतंय?" धबधबा हसला.

आठव्या दिवशी डोंगर फुटला. आग धबधब्याच्याच घळीतून खाली निघाली.

"बाळा, बाजूला हो रे!" डोंगर रडत ओरडला.

पण धबधबा जाणार कुठं? घळ काळ्या दगडानं बुजली. तिथं आता थेंबभर पाणी नाही.