चेअरमनची शाल

आमच्या सोसायटीचे चेअरमन तेंडोलकर यांनी स्वयंपाकघरात चिमणी बसवली. मिस्त्री सांगत होता, धुराचा पाइप गच्चीच्या वर न्या. एवढा खटाटोप कोण करणार? तेंडोलकरांनी भिंतीला भोक पाडून पाइप सरळ शेजारच्या प्रमिलाताईंच्या बाल्कनीकडे काढला.

ताईंच्या सासूबाईंना दमा. तेंडोलकरांची कढई तापली की म्हातारी खोकून खोकून बेजार व्हायची आणि भर उन्हाळ्यात खिडक्या लावून बसायची. ताई तक्रार घेऊन गेल्या, तर हा गृहस्थ त्यांना दारातच म्हणाला, "वहिनी, आत जाळी आहे. बाहेर येते ती नुसती स्वच्छ हवा. तुम्हाला उगाच भास होतात." कमिटीतल्या बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला खरा संताप आला तो त्या मानांचा.

पुढे तेंडोलकर पुन्हा बिनविरोध निवडून आले आणि त्यांचा सत्कार ठरला. शाल आणायचं काम ताईंनी आपणहून मागून घेतलं.

सभेत शाल खांद्यावर पडली तशी तेंडोलकरांनी नाक मुरडलं. "कुठे ठेवली होती ही? चिकट लागतेय. तळलेल्या माशांचा वास येतोय."

"माझ्या बाल्कनीत, आठवडाभर," ताई म्हणाल्या. "तुमच्या पाइपासमोर. तिथे तर नुसती स्वच्छ हवा येते ना?"

कुणी मान डोलावली नाही. तेंडोलकर घाईघाईने शाल काढू लागले.

"राहू द्या, साहेब," ताई म्हणाल्या. "सासूबाई हा धूर वर्षभर छातीत घेऊन बसल्यात. तुम्ही भाषण संपेपर्यंत तरी खांद्यावर घ्या."