चिताऱ्याची लेक आणि दोन राजे

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा धुकं माणसासारखं चालत यायचं आणि लोकांच्या ओट्यावर टेकून गप्पा मारायचं. लहानांनो, ऐका. मोठ्यांनो, तुम्हीही हातातलं काम जरा बाजूला ठेवा, कारण गोष्ट खरं म्हणजे तुमचीच आहे.

एका तळ्याकाठी एक चितारी राहायचा. तो गंजिफा रंगवायचा, म्हणजे खेळायची गोल पानं. त्यानं काढलेल्या हत्तीची सोंड हलतेय असं वाटायचं. पानांची पाठ मात्र तो काळ्या लाखेनं सारखी करून टाकायचा, म्हणजे मागून कुठलंच पान ओळखू येऊ नये. त्याची लेक शेवंती त्याच्या शेजारी बसून हेच काम शिकली. ढिगानं पानं तिच्या हाताखालून गेली, पण खेळतात कसं, हे तिनं कधी विचारलंच नाही.

बापाला मात्र खेळाचा भारी नाद. रोज सकाळी तळ्यावरून धुकेराव यायचे. पांढरं धोतर, पांढरा अंगरखा, मिशाही पांढऱ्या. त्यांना स्वतःचा असा रंगच नव्हता, आणि दुसऱ्यांचे रंग बघून त्यांचा जीव कासावीस व्हायचा. "एक डाव होऊन जाऊ दे, चितारीबुवा," ते म्हणायचे. पैजेला करवंटीतले रंग लागायचे; धुकेराव दुसऱ्यांकडून जिंकलेले लावायचे. हरलेला रंग करवंटीतून तर जायचाच, हरणाऱ्याच्या डोळ्यांतूनही जायचा.

आधी तांबडा गेला. मग पिवळा, मग हिरवा आणि शेवटी निळा. एके दिवशी चितारी लेकीला म्हणाला, "शेवंते, तू आज कोणतं लुगडं नेसलीस गं?"

ती लालभडक लुगडं नेसली होती. बाबांचे रंग परत आणायचेच, असं तिनं तिथंच ठरवलं.

तळ्याच्या उथळ पाण्यात एक म्हातारी बगळी एका पायावर उभी असायची. धुकेरावांचे सगळे डाव तिनं बघितले होते. शेवंती तिच्याकडे गेली.

"बगळीमावशी, मला खेळ शिकव."

"शिकवीन. पण सगळा शिकायचा. तुझा बाप निम्मा शिकला आणि खेळायला बसला."

बगळीनं चोचीनं वाळूत एक गोल काढला. "दोघांनी आधी चिमूट चिमूट रंग मध्ये ठेवायचा. मग दोघांना दोन दोन पानं, पालथी; ती ज्याची त्यानंच बघायची. नंतर मध्ये पाच पानं उघडतात. आधी तीन एकदम, मग एक, मग शेवटचं एक. ती पाच दोघांचीही. आपली दोन आणि ही पाच, त्यातली चांगली पाच जो जुळवील, त्याचा डाव."

"चांगली म्हणजे कशी गं?"

"एकसारख्या दोघांची जोडी झाली तर बरं. दोन जोड्या झाल्या तर त्याहून बरं. एकसारखी तीन त्याच्या वर, ओळीनं पाच लागली तर त्याच्याही वर. आणि पाची एकाच रंगाची आली तर ओळसुद्धा फिकी पडते. त्याच्या वरचंही आहे, पण ते क्वचित येतं."

"एवढंच?"

"एवढंच कसं? मधे पानं उघडत जातात तशी बोली होते. समोरच्यानं लावलं तेवढं लावायचं, नाहीतर त्याहून वाढवायचं, नाहीतर आपली पानं खाली ठेवायची. ठेवली की लावलेलं गेलं, पण उरलेलं आपलं. आणि लक्षात ठेव, जो ठेवतो त्याला समोरच्याची पानं बघायला मिळत नाहीत."

दोघी शिंपले लावून खेळू लागल्या. शेवंतीच्या हाती हिरवा राजा आला. तो तिनंच रंगवला होता, आणि त्याच्या मिशीचा आकडा असा काही जमला होता, की तिला हसू फुटलं. मधे चार पिवळी पानं उघडली. बगळीनं शिंपले वाढवले. शेवंतीनंही वाढवले. बगळीनं आणखी वाढवले. अखेर बगळीनं पायाशी पालथी ठेवलेली आपली दोन पानं उलटली, तर त्यात पाचवं पिवळं पान निघालं, एक मरतुकडी दुर्री, आणि शेवंतीचे सगळे शिंपले गेले.

"ठेवलं का नाहीस?"

"इतका सुंदर राजा, मावशी! ठेवायचा कसा?"

"तुझा बाप अगदी हेच म्हणायचा," बगळी म्हणाली. "तुम्ही चितारी लोक पान बघता, डाव बघत नाही."

शेवंती ओशाळली. मग ऊन चढून तळ्याचं पाणी तापेपर्यंत ती बगळीशेजारी नुसती उभी राहिली. पायाशी मासे येत, चमकत, जात. बगळी सगळ्यांवर चोच मारत नव्हती. शेवंती ते बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी धुकेराव आले आणि तळं, झाडं, ओटा सगळं पांढऱ्यात बुडालं. शेवंतीनं आपल्या रंगांच्या करवंट्या मांडल्या.

"तुझे डोळे जातील हो, मुली," धुकेराव मायेनं म्हणाले. ते दुष्ट नव्हते. त्यांना फक्त भूक होती.

"वाटा पानं," शेवंती म्हणाली.

ती पानं ठेवत गेली. दर वेळी चिमूटभर रंग जायचा आणि कुठलंसं फूल तिला किंचित विटलेलं दिसायचं, इतकंच. धुकेराव कंटाळले. मग तिच्या हाती दोन दुर्र्या आल्या, आणि मधे तिसरी उघडली. धुकेरावांनी राजाखालच्या पानांच्या, प्रधानांच्या जोडीवर तांबड्याची अख्खी करवंटी पुढे सरकवली. तांबडा घरी आला. हळूहळू पिवळा आला, हिरवाही आला. आत खाटेवर चितारी उठून बसला आणि ओरडला, "अगं, धुक्यातही आंब्याला पालवी फुटलेली दिसतेय!"

आता फक्त निळा राहिला होता.

शेवटच्या डावात शेवंतीनं आपली पानं उचलली. तांबडा राजा आणि पिवळा राजा. हे दोघे तिनं आणि बाबांनी मिळून रंगवले होते, डोळे बाबांचे आणि मुकुट तिचे. मधे पानं उघडली: निळी सत्ती, निळी नव्वी, निळा प्रधान. मग निळी तिर्री. पाचवं पान पिवळी चव्वी.

धुकेरावांनी निळ्याची करवंटी मधे ठेवली. "हा निळा, अख्खं आकाश यात आहे. समोर तू तुझं सगळं लाव. बाबांचे आलेले रंगही."

त्यांच्या हाती एक जरी निळं पान असेल, तर सगळं संपलं. नसेल, तर बहुतेक आकाश परत. शेवंतीनं धुकेरावांच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिथं नुसतं धुकं होतं. मग तिनं राजांकडे बघितलं, फार वेळ बघितलं.

तिनं दोन्ही राजे पालथे खाली ठेवले.

"दाखवा ना, काय होतं?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"ठेवणाऱ्याला बघता येत नाही," धुकेराव म्हणाले, आणि आपली पानं आणि निळा रंग घेऊन तळ्यावरून निघून गेले.

चितारी ओट्यावर आला. सगळं ऐकून तो संतापला. "दोन राजे होते हाती, आणि ठेवलेस? त्याच्याकडे निळं पान नसेल तर?"

"नसेलही, बाबा. मला ठाऊक नाही."

तो आणखी काही बोलणार होता. पण बोलता बोलता त्याची नजर लेकीच्या लुगड्यावर गेली. ते लालभडक होतं. त्यानं पदराचं टोक हातात घेतलं आणि डोळ्यांजवळ नेलं.

त्यानंतर बापलेकीनं पुष्कळ गंजिफा रंगवल्या. बापाला दिसत नाही तो रंग लेकीनंही वापरला नाही; आकाशाची जागा ती कोरी सोडायची. लोक म्हणायचे, हे आकाश सगळ्यांत सुंदर आहे. चितारी अधूनमधून विचारायचा, "त्याच्याकडे खरंच असेल का गं निळं पान?" शेवंती हसायची आणि पुढचा राजा रंगवायला घ्यायची.

तात्पर्य: हातातलं पान कितीही लाडकं असलं तरी वेळेवर खाली ठेवावं, आणि समोरच्याच्या हाती काय होतं, हे न कळताही सुखानं जगावं.