घोडा डावीकडे वळला

फार पूर्वी, डोंगराळ मुलखातल्या एका राज्यात एक सेनापती होता. मिशा अशा झोकदार की त्यांवर लिंबू ठरावे! सीमेवरच्या मोठ्या लढाईत त्याने शत्रूच्या पिछाडीवर अचानक घोडा घातला, शत्रूची दाणादाण उडाली आणि हरत आलेली लढाई जिंकली गेली. गावोगाव शाहीर त्याचा पोवाडा गाऊ लागले.

पोवाडा सुरू झाला की सेनापती मान खाली घालायचा. लोक म्हणायचे, "पाहा, केवढा विनय!" विनय कसला, डोंबलाचा! त्याला लाज वाटत होती. खरी गोष्ट त्याला एकट्यालाच ठाऊक होती, निदान तो तसे समजत होता. त्या दिवशी तोफा धडाडताच धुरळ्याचा फायदा घेऊन त्याने पळ काढला. वाटेतल्या नाल्याला घोडा बुजला, टेकडीला वळसा घालून उधळला आणि थेट शत्रूच्या पिछाडीवर जाऊन थडकला. फौजेने त्याच्या पागोट्यावरचा तुरा ओळखला. "सेनापती मागून घुसले रे!" अशी आरोळी उठली आणि पुढचे सगळे आपोआप झाले.

राजाने विजयाचा दरबार भरवला. त्या राज्यात एक रीत होती. रणातून पळालेल्याच्या हातात भरदरबारी बांगड्या भरायच्या आणि त्याला वेशीबाहेर घालवायचे. त्याच लढाईतून पळालेला एक स्वार उसाच्या फडात लपलेला सापडला होता. पन्नाशीचा, दाढी वाढलेला. त्याची बायको दाराशी तोंडाला पदर लावून उभी होती.

राजा म्हणाला, "सेनापती, हा मान तुमचा. भरा याच्या हातात बांगड्या."

कासारीण बांगड्या घेऊन पुढे आली. सेनापतीने एकदाचे उरकावे म्हणून बांगडी घाईघाईने रेटली. स्वाराचा हात नांगर धरलेला, राठ. बांगडी फुटली, काच रुतली, रक्त आले. दरबार हसला. स्वार मात्र हूं की चूं करेना.

सेनापतीला ते बघवेना. तो वाकून हळूच म्हणाला, "अरे, काहीतरी बोल. माफी माग. मी शब्द टाकतो."

"काय बोलू, सरकार?" स्वार तितक्याच हळू म्हणाला. "मी तुमच्या मागूनच पळत होतो. नाल्यापाशी तुमचा घोडा डावीकडं वळला, माझा उजवीकडं."

सेनापतीचे कान तापले. हे दुसऱ्या कोणीच ऐकले नव्हते. तो गप्प बसला असता तर पोवाडा तसाच चालू राहिला असता. स्वार ओरडून बोलला असता तरी कोणाला खरे वाटणार होते? पण तेवढ्यात दाराशी उभ्या बाईकडे त्याचे लक्ष गेले. ती नवऱ्याच्या रक्ताळलेल्या हाताकडे बघत होती.

सेनापतीने अंगरख्याची बाही वर सारली आणि आपला हात कासारणीपुढे धरला. "आधी मला भर."

"गरिबाची थट्टा करता का, सरकार?" कासारीण म्हणाली.

"थट्टा नव्हे, बाई. मीही पळालोच होतो. घोडा वळला म्हणून जिंकलो."

दरबाराचे हसू जागच्या जागी विरले. कासारणीने त्याचा हात हातात घेतला. "असा ताठ धरू नका, सैल सोडा. मग बांगडी फुटत नाही. आणि यात लाजायचं काय? या घालूनच आम्ही पेटत्या चुलीतली लाकडं ओढतो."

त्याने हात सैल सोडला. बांगडी अलगद चढली. शरमेने त्याचे डोळे भरून आले, पण मान त्याने खाली घातली नाही.

राजाने सेनापतीपद काढून घेतले, स्वाराला वेशीबाहेर घालवण्याचा हुकूम मागे घेतला आणि दोघांनाही त्याच नाल्यावरच्या चौकीत पायदळात धाडले. पुढे शत्रू पुन्हा चालून आला. दोघेही घाबरले. पण "भीती वाटते रे" असे एकमेकांना सांगत तिथेच उभे राहिले, आणि चौकी टिकली.

शाहिरांची मात्र पंचाईत झाली. त्यांतला एक चौकीवर येऊन म्हणाला, "आता मी पोवाडा कुणाचा गाऊ?"

हातातली बांगडी मागे सारत जुना सेनापती म्हणाला, "गायचाच असेल तर घोड्याचा गा."

तात्पर्य: दुसऱ्याच्या चुकीला शिक्षा करण्याआधी, नशिबाने झाकली गेलेली आपली चूक आठवावी.