इनासकाकीचं दार

फिरंग्यांच्या अमलात वसईच्या खाडीकाठी कोंडाळे नावाचं गाव होतं. तिथे संत लुकासबाबा नावाचे पाद्री जेजूचं, म्हणजे येशूचं, देऊळ बांधायला येऊन राहिले. भाविकहो, बाबांपाशी तेव्हा क्रूस होता, श्रद्धा होती आणि हिवताप होता. बाकी काही नव्हतं.

गावाची रीत अशी, की घर बांधताना आधी दाराची चौकट उभी करायची, भिंती मागाहून. बाबांनी ती रीत मानली. एकट्या राहणाऱ्या विधवा इनासकाकीच्या झोपडीला सागवानी दार होतं. तिने ते चौकटीसकट उपसून बाबांच्या पायाशी आणलं. देवळाच्या पायाची आखणी चुन्याने झाली होती. त्या पांढऱ्या रेघेवर दार उभं राहिलं. सभोवती नुसता वारा.

गावचा मुकादम कैतान. गावातला पहिला बाप्तिस्मा त्याचा, म्हणून स्वर्गातही पहिला पाट आपलाच, असं तो धरून चालला होता. तो हसत सुटला. "काकी, देवाला दार दिलंस! आता वाघ झोपडीत शिरला तर काय सांगशील, उद्या ये?"

"माझ्याकडे त्याला खायला काय आहे?" काकी म्हणाली. "मीच ना? त्यातही नुसती हाडं."

पण गोष्ट हसण्याची नव्हती. डोंगरातल्या त्या वाघाने आधी गुरं नेली, मग माणसं. कुणाचं पागोटं सापडे, कुणाचं तेही नाही.

शनिवारी तिन्हीसांजेला बाबांनी पहिली प्रार्थना ठेवली. बाबांच्या आज्ञेप्रमाणे सारे दारातूनच आत आले. कैतान मात्र रेघेबाहेर उभा राहिला. "भिंतच नाही, तिथे आत काय नि बाहेर काय!"

प्रार्थना निम्मी झाली आणि बगळे एकदम उडाले. कुत्री गप्प झाली. मग उग्र वास आला. माडांखालून वाघ निघाला. त्याला घाई नव्हती.

"दार लावा," लुकासबाबा म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता. संतांनाही घसा असतो. काकीने दार लोटून कडी घातली. चहूकडून उघड्या देवळाला कडी! कुणीही हसलं नाही. एका बाईने तर दाराखालची फट पदराने बुजवली.

कैतानपासून रेघ एका पावलावर होती. पण भीती माणसाला कसली श्रद्धा शिकवील, सांगता येत नाही. तो वळसा घालून धावला आणि दारच बडवू लागला. "काकी, उघड! जेजूची आण, उघड!"

"उघडू नकोस!" सारा गाव ओरडला. "वाघ आत येईल!"

काकीने बाबांकडे पाहिलं.

बाबा म्हणाले, "बाय, तू वाचशील असं मी सांगू शकत नाही. ठोठावणाऱ्याला उघडायचं, एवढंच मला ठाऊक आहे."

काकीने कडी काढली. कैतानच्या खांद्यावरून तिला ते पिवळे डोळे दिसले. तिने त्याला मानगुटीला धरून आत ओढलं, दार लोटलं आणि दारालाच पाठ लावून उभी राहिली. पलीकडून पंजा फिरला. लाकूड करकरलं.

मग वाघ रेघेच्या कडेने चालू लागला, एकेकाचं तोंड हुंगत. हातभरावर त्याच्या मिशा! माणसं श्वास घेईनात. पण पंजा चुन्यावर पडला नाही. धन्य ती प्रभूची लीला! पुरी फेरी घालून तो पुन्हा दाराशी आला, यजमान घरी नसल्यासारखा जरा थांबला आणि डोंगराकडे निघून गेला.

मग कैतान बाबांच्या पायांवर कोसळला. बाबांनी पाय मागे घेतले. "उघडलं मी नाही."

कैतान वळला आणि काकीच्या पायांवर डोकं ठेवून हमसू लागला. त्याच्यामागे, 'उघडू नकोस' म्हणून ओरडलेली सारी डोकी एकेक करून मातीला लागली. शेवटी लुकासबाबाही गुडघ्यांवर आले.