जमिलाखालाला सांगायचा शब्द

“सही नक्की कुठं करायची म्हणतोस?” मुरादबाबांनी विचारलं.

“इथं, बाबा. शेवटच्या पानावर. सिरगा खोऱ्यातल्या लोकांच्या वतीनं.”

“आणि वर काय लिहिलंय?”

“वर चौतीस पानं आहेत,” हातिम म्हणाला. आवाजात ऐट होती, आणि ती असायला हरकतही नव्हती. त्या चौतीस पानांतला एकेक शब्द त्यानं भांडून मिळवला होता.

हातिम काही परका नव्हे. मुळाक्षरं त्यानं याच ओसरीवर, फकीर मुरादबाबांपुढं बसून गिरवली होती. ‘बाबांचा सगळ्यात हुशार चेला कोण,’ असं कुणी विचारलं तर तो स्वतःच छाती पुढं काढून सांगत असे. पुढं वकील झाला, परदेशी गेला. इकडं वरचं सरकार म्हणे सिरगा खोरं आमचं, खालचं सरकार म्हणे आमचं, आणि खोऱ्यातल्या माणसांना कुत्रंही विचारेना. तेव्हा गावकऱ्यांनी हातिमला गाठलं. म्हणाले, तुला चार भाषा येतात बाबा, तू जा आणि जगाच्या पंचायतीत आमचं म्हणणं सांग. त्याला आता एकोणीस वर्षं झाली होती.

एकोणीस वर्षं हा गडी या सभागृहातून त्या सभागृहात जोडे झिजवत होता. केस पिकले. पाठ धरली. आणि आता कुठं पहिल्यांदाच दोन्ही सरकारं एका कागदावर सही करायला राजी झाली होती. शुक्रवारी बैठक. अट एकच, खोऱ्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाची त्यावर सही हवी. वडीलधारे म्हणजे मुरादबाबा. ती सही नसेल तर एकोणीस वर्षं पाण्यात.

“बाबा, गाडी थांबलीय खाली...”

“थांबू दे. सहीचं बघू. आधी माझं एक काम कर.”

हातिमनं घड्याळाकडं पाहिलं. पण गुरू तो गुरू.

“पुलापलीकडच्या जमिलाखालाचा निरोप आलाय,” बाबा म्हणाले. “तिच्याकडचा चारा संपला. विचारतेय, तुमच्या मागच्या मळ्यात शेळ्या सोडू का? तिला जाऊन सांग, नको.”

“नको... एवढंच?”

“एवढंच. माझे गुडघे आता तो पूल ओलांडत नाहीत.”

हातिम निघाला. मनात चरफडत होता. जगाच्या पंचायतीत बोलणारा माणूस मी, आणि मला शेळ्यांच्या निरोपाला पाठवतात! पण झुलत्या पुलावर पाय ठेवला, खालून नदीचा गार वारा अंगाला लागला आणि राग जरा उतरला.

जमिलाखाला दारातच होती. हातिमला पाहताच तिनं त्याचे दोन्ही गाल धरले. “अगं बाई, झुलेखाचा हातिम! किती वाळलास रे!” लगेच ताकाचा गडू हातात दिला, जर्दाळू पुढं ठेवले, त्याच्या मेलेल्या आईची आठवण काढून डोळे पुसले. मग म्हणाली, “बाबांनी काय सांगितलं?”

आता अशा बाईच्या तोंडावर ‘नको’ म्हणायचं तरी कसं?

शिवाय तो शब्द हातिमच्या धंद्यात बसतच नव्हता. एकोणीस वर्षांत त्यानं कुणालाच सरळ ‘नको’ म्हटलं नव्हतं, आणि त्यालाही कुणी म्हटलं नव्हतं. जीभ आपोआप वळणावर गेली.

“खाला, तुमची अडचण बाबा पूर्ण समजून आहेत,” तो म्हणाला. “त्यांचा तसा विरोध आहे असं नाही. वेळ पाहून, परिस्थिती पाहून योग्य ती सोय होईल.”

“म्हणजे आणू?”

“...बघा आपल्या सवडीनं.”

जमिलाखाला काही भोळी नव्हती. पण तिला चारा हवा होता, आणि गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते काही खोटं नाही. माणूस बोलण्यातून आपल्याला हवं तेवढं उचलतो.

हातिम परत आला. ओसरीवर बसला. किल्ला सर करून आल्यासारखा म्हणाला, “सांगून आलो. जराही वाईट वाटू दिलं नाही तिला.”

“शाब्बास,” बाबा म्हणाले.

त्यांनी चहा ठेवला. बाबांचा चहा म्हणजे सावकाशीचं काम. काटक्या, फुंकर, धूर... हातिम कागद मांडीवर घेऊन वाट पाहत राहिला. चहा उकळतो न उकळतो तोच मागून गलका ऐकू आला. घंटा, बेंबाटणं, आणि त्यावर जमिलाखालाचा खडा आवाज, “हुर्र, हुर्र! पसरा गं आता!”

दोघं मागच्या दारी गेले.

मळ्यात चाळीस शेळ्या. मेथीचा वाफा तर बघता बघता साफ झाला होता. वाटाण्याचे वेल ओढून काढले होते. एक बोकड तुतीच्या रोपावर पुढचे पाय ठेवून शेंडा खात उभा होता. बाबांच्या आणि त्यांच्या दारी येणाऱ्या वाटसरूंच्या जेवणाला हाच मळा होता, दुसरं काही नव्हतं.

“बाबा, तुमचं फार मोठं मन!” जमिलाखाला लांबूनच ओरडली. “हातिमनं सांगितलं मला सगळं!”

हातिमचे कान तापले.

“मी... मी असं सांगितलं नव्हतं, बाबा.”

“मग कसं सांगितलंस?”

हातिमनं शब्द न् शब्द सांगितला. वकील होता, पाठांतर पक्कं. बाबा ऐकत राहिले. रागावले नाहीत. शेळ्यांनाही हाकललं नाही. तेवढं रागावले असते तर बरं झालं असतं, असं हातिमला वाटलं.

“एवढा एक शब्द होता रे,” बाबा म्हणाले.

“तिला दुखवायचं नव्हतं...”

“हं.”

ते ओसरीवर येऊन बसले. “आण तो कागद. मला बारीक अक्षर दिसत नाही, तूच वाच. गावानं तुला काय सांगून पाठवलं होतं?”

ते वाक्य हातिम विसरेल कसा? त्या दिवशी या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. “खोरं कुणाचं ते आम्हाला विचारा. आमचं आम्ही ठरवू.”

“ते यात कुठं आहे?”

हातिमनं पानं उलटली. एकविसाव्या पानावर बोट ठेवलं. घसा साफ केला.

“रहिवाशांच्या भावना... परिस्थिती अनुकूल होताच... उभय सरकारांच्या संमतीनं... यथोचित विचारात घेण्यात येतील.”

मागं बोकडानं काहीतरी कडाकडा मोडलं.

“आणि नदीचं काय लिहिलंय?”

“ती सीमा होईल. पण तात्पुरती, बाबा. फक्त तात्पुरती.”

“म्हणजे जमिला शनिवारपासून परदेशात.”

“...तात्पुरती.”

बाबांनी चहाचा घोट घेतला.

“पहिल्या वर्षी मी गावाचंच वाक्य वाचलं होतं!” हातिम एकदम उसळून म्हणाला. “जसंच्या तसं! वरचे म्हणाले, शब्द कडक आहेत, थोडे मऊ करा, मग बसू. मी केले. मग खालचे म्हणाले, ‘विचारा’ऐवजी ‘विचारात घ्या’ म्हणा. तेही केलं. नाहीतर ते बसलेच नसते, बाबा! त्यांना बसवायला सहा वर्षं गेली. दरवेळी एकच शब्द तर बदलत होतो... एकच...”

पन्नाशीचा माणूस, पण रडू अगदी फुटायच्या बेतात होतं. आपण काय करून बसलो हे त्याला लख्ख दिसलं, आणि आपण ते चांगल्या मनानं केलं हे तर फारच झोंबलं.

बाबांनी चहाचा पेला खाली ठेवला.

मग हनुवटीनं मळ्याकडं खूण केली. “जमिला अजून तिथंच आहे.”

हातिम उठला. ओसरीपासून मळ्यापर्यंत चाळीस पावलं असतील. मोठमोठ्या सभागृहांतल्या व्यासपीठापर्यंतची वाट कधी एवढी लांब वाटली नव्हती.

“खाला,” तो म्हणाला, “माझं चुकलं. बाबांनी नको म्हटलं होतं.”

जमिलाखालाच्या हातातली काठी तशीच राहिली. एकदा तिनं त्याच्याकडं पाहिलं, एकदा मेथीच्या वाफ्याकडं.

“अरे मेल्या! मग मघाशी तोंड शिवलं होतं का तुझं?” ती कडाडली. “फकिराचं ताट खाल्लं ना माझ्या शेळ्यांनी! सरळ सांगितलं असतंस तर वरच्या पडीक रानात नेल्या असत्या. चढ आहे एवढंच, मरत नव्हते मी!” मग शेळ्यांवर ओरडली, “चला गं, उठा! हुर्र!”

पाच मिनिटांत मळा रिकामा झाला. पायवाटेनं वर चढता चढता खाला मागं वळून ओरडली, “आणि जर्दाळू विसरलास ते! जाताना घेऊन जा!”

हातिम ओसरीवर परतला तेव्हा त्याचा श्वास जरा मोकळा झाला होता. त्यानं लेखणी काढली. एकविसाव्या पानावरची ओळ खोडली आणि तिच्या डोक्यावर गावाचं वाक्य ठळक अक्षरांत लिहून काढलं. नदीची ओळही खोडली. कागद घाण झाला खरा. असा कागद त्यानं आजवर कुणापुढं ठेवला नव्हता.

मोठ्यानं वाचून दाखवलं. बाबांनी लेखणी मागून घेतली, हातानं चाचपत त्या वाक्याच्या खालीच सही केली, आणि शाई वाळावी म्हणून फुंकर घातली.

खाली गाडीवाला भोंगा वाजवत होता. हातिमनं कागद छातीशी धरला, दोन पायऱ्या उतरला, आणि थबकला.

“बाबा... हे वाचलं की दोन्ही सरकारं उठून जातील. एकोणीस वर्षांनी कशीबशी बसली आहेत.”

बाबा खुरपं घेऊन मळ्याकडं निघाले होते. मोडलेल्या तुतीपाशी ते टेकले, आणि मान वर न करताच म्हणाले,

“शेळ्या उठून गेल्या, तेव्हा तुला वाईट वाटलं का रे?”